सयाजीच्या घरातले उंदीर कुठे गेले

सयाजी उतेकर मुंबईची नोकरी संपवून वाडीत कायमचा राहायला आला, तो साहेब म्हणूनच. पोलादपूरहून डोंगराच्या अंगाने वर येणारी रिक्षा जिथे थांबते, तिथून बांधाबांधाने खाली उतरलं की त्याची वाडी. तिथल्या पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना एवढं ठाऊक होतं, की सयाजी मुंबईत आरोग्य खात्यात होता. त्यात खोटं काहीच नव्हतं. खातं आरोग्याचंच होतं. पण त्या खात्यात तो नेमकं काय करायचा, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

सयाजी उंदीर मारायचा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि समोर चाळींच्या मागच्या अरुंद, तुंबलेल्या गल्ल्या. शहर झोपलं की त्याचं काम सुरू व्हायचं आणि उजाडलं की मेलेले उंदीर पिशवीत घालून खात्याच्या चौकीवर नेऊन द्यायचे. नोकरी लागली तेव्हा तो गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. एकदा जेवताना शेजारच्याने सहज विचारलं, तुझ्या कपड्यांना कसला वास येतो रे? सयाजीचा घास हातातच राहिला. महिनाभरात त्याने ती खोली सोडली आणि ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा वस्तीत बिऱ्हाड केलं. पुढे लग्नाची बोलणी चालू असताना सासऱ्याने कामधंद्याची चौकशी केली, तेव्हा तो "आरोग्य खात्यात" एवढंच बोलून गप्प बसला. उरलेलं लोकांनी आपल्या मनाने जोडून घेतलं. सणाला घरी येताना तो इस्त्रीचा शर्ट घालायचा, खिशाला पेन लावायचा. त्याची बायको गोदूबाई पाणवठ्यावर सांगायची, की आमच्यांच्या हाताखाली माणसं हायत. सयाजीच्या कानावर ते आलं की तो उठून गोठ्याकडे जायचा. खोडून मात्र त्याने ते कधी काढलं नाही. आणि मग इतकी वर्षं गेली, की खोडायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करावी, ते त्यालाच कळेना.

घरी आल्यावर चार दिवसांतच त्याच्या लक्षात आलं, की घर उंदरांनी पोखरलंय. गोदूबाईला सवय झाली होती. साबणाची वडी कुरतडलेली, नाचणीच्या पोत्याला भोक, यात तिला नवल वाटत नव्हतं. सयाजीच्या डोळ्यांना मात्र सगळं आपोआप दिसत होतं. भिंतीच्या कडेने अंग घासून गेल्याचा तेलकट पट्टा, चुलीमागे लेंड्या, मोरीच्या तोंडाशी उकरलेली ओली माती. वैशाखात त्याने घराची डागडुजी काढली. जोत्यातली बिळं काचेचा चुरा आणि सिमेंट घालून बुजवली. वाशांच्या आणि भिंतीच्या मधल्या फटींना बारीक जाळी ठोकली, मोरीला झाकण केलं, कौलांवर टेकलेली फणसाची फांदी तोडली. भात पत्र्याच्या पिंपात गेलं. काम करताना कुणी येऊन उभं राहिलं तर तो सांगायचा, घर जुनं झालंय, पावसाआधी जरा हात फिरवतोय. पाऊस लागेपर्यंत त्याच्या घरात उंदराची चाहूल उरली नाही.

आता एक घर बंद केलं की उंदीर काही गाव सोडून जात नाहीत. ते शेजारचं घर धरतात. सयाजीच्या कामात नव्याने आलेल्या माणसालासुद्धा ही गोष्ट पहिल्यांदा शिकवत. आणि सयाजीचं शेजारचं घर म्हणजे त्याच्या थोरल्या चुलतभावाचं, रामाचं. मधे अंगण एकच होतं.

रामा सगळा जन्म वाडीत राहिलेला, शेती करणारा माणूस. सयाजी मुंबईत असताना त्याचं भात रामाने लावलं होतं, त्याच्या आईला शेवटच्या आजारात रामाने आणि त्याच्या बायकोने, चंद्राबाईने, उचललं-बसवलं होतं. सयाजी रोज सकाळचा चहा रामाच्याच पडवीत प्यायचा. श्रावणात रामाची मुलगी सलोनी बाळंतपणाला माहेरी आली. तिला महाडजवळच्या नाते गावात दिली होती. गणपतीत तिला मुलगा झाला, आणि त्या घरात जो तो पाय न वाजवता चालू लागला.

सयाजी चहा पीत बसायचा आणि त्याची नजर नको तिथे जायची. माळ्याच्या शिडीवर ताज्या लेंड्या होत्या. दाराच्या खालच्या कोपऱ्याला दातांच्या नव्या खुणा होत्या, लाकूड आत पांढरं दिसत होतं. मधल्या खोलीच्या तुळईवरून एक काळपट, चकचकीत पट्टा सरळ माळ्याकडे गेला होता. म्हणजे ती उंदरांची रोजची वाट. आणि त्याच तुळईला बाळाची झोळी बांधली होती. सयाजीने ते बघितलं. झोळीची दोरी बघितली, पट्टा बघितला. मग बशीतला चहा संपवला.

बोलायचं त्याच्या जिभेवर आलं नाही असं नाही. पण बोललं की विचारणार, तुला कसं कळलं? आणि हेही विचारणार, की तुझ्या घरातले गेले कुठे? त्यापेक्षा आज नको, उद्या बघू, असं करत तो उठून घरी यायचा.

एकदा चंद्राबाईनेच विषय काढला. रात्रभर माळ्यावर धावाधाव चालते, तुमच्याकडे नाय का भावजी, असं तिने विचारलं. सयाजी म्हणाला की आमच्याकडे एक मांजर येतं हल्ली, त्याच्या भीतीने नसतील. असं कुठलंच मांजर येत नव्हतं. चंद्राबाईने त्यानंतर दोन-तीनदा दारात वाटीभर दूध ठेवून बघितलं.

आणखी एके दिवशी सलोनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही आरोग्य खात्यातले ना? उंदरांचं काय करायचं असतं हो? मला या पोराची काळजी वाटते."

"ते खातं वेगळं असतं गो," सयाजी म्हणाला. "माझं टेबलाचं काम."

सलोनीने मान हलवली. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि सयाजीला ते तिच्या तोंडावर दिसलं. त्या दिवशी घरी येऊन त्याने गोदूबाईला उगाच कशावरून तरी फटकारलं.

घटाच्या दिवसांतली गोष्ट. सकाळी सयाजी दात घासत अंगणात उभा होता आणि रामाच्या घरातून सलोनीचं रडणं ऐकू आलं. आत गेला तर बाळाच्या हाताला फडकं गुंडाळलेलं आणि फडक्यावर रक्त. पहाटे झोळीत उंदीर उतरला होता. दूध लागलेलं बोट त्याने कुरतडलं. सलोनीला जराशी डुलकी लागली होती, बाळाच्या किंकाळीने ती जागी झाली.

रिक्षा करून पोलादपूरला एका डॉक्टरांकडे गेले. सयाजीही बसला, माणूस बरोबर असलेला बरा, असं रामाच म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, बोट वाचेल म्हणून सांगितलं. मग त्या सलोनीकडे वळल्या. घरात इतके उंदीर असताना तान्ह्या बाळाकडे लक्ष नको का द्यायला, दूध पाजल्यावर हात पुसायचे असतात एवढं कळत नाही का, असं त्या बोलत राहिल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. सलोनी खाली मान घालून ऐकत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सयाजी दाराशी उभा होता. प्रत्येक शब्द आपल्याला लागू आहे आणि ही पोरगी तो आपल्या अंगावर घेते आहे, हे त्याला समजत होतं.  तरी तो बाहेर जाऊन रिक्षाजवळ उभा राहिला.

दुपारी नात्याहून सलोनीच्या सासूचा, राजश्रीबाईंचा फोन आला. त्या जोरात बोलत होत्या, अंगणात ऐकू येत होतं. माहेरच्यांना घर साफ ठेवता येत नसेल तर माझा नातू मी घेऊन जाते, असं त्या म्हणाल्या. चंद्राबाईने फोन खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसत केरसुणी घेतली. झाडलेलं घर ती पुन्हा झाडायला लागली.

रामा बाजारात गेला आणि उंदराचं औषध घेऊन आला. अंगणात बसून तो ते तांदळाच्या पिठात आणि सुक्या जवळ्यात मळायला लागला. चांगला मोठा गोळा होता. घरभर टाकतो, माळ्यावर, झोळीखाली, सगळीकडे टाकतो, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. सयाजी आपल्या ओट्यावरून बघत होता. विष खाल्लेला उंदीर माळ्यात, भाताच्या आड कुठेतरी जाऊन मरणार, घरभर दुर्गंधी सुटणार. कोंबड्या ते गोळे टिपणार. आणि घरात जेमतेम महिन्याचं पोर. तो उठला, अंगण ओलांडलं आणि रामाच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"हे नको दादा. हे घरात नको."

"सोड," रामा म्हणाला. "तुला काय माहीत? तू खुर्चीवर बसलेला माणूस."

"मी खुर्चीवर कधी बसलो नाय."

रामाने वर बघितलं. चंद्राबाई केरसुणी घेऊन दारात आली होती, तिच्यामागे सलोनी होती. गोदूबाई विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन नेमकी तेव्हाच अंगणात आली. सयाजीला वाटलं, आता थांबलो तर पुन्हा कधीच सांगता येणार नाही.

"उंदीर मारत व्हतो मी," तो म्हणाला. "काठीनं. सगळी नोकरी त्यातच गेली. हापीस नाय, टेबल नाय, हाताखाली माणूस नाय. तेवढंच काम."

गोदूबाईने कळशी खाली ठेवली. पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. कुणी हसलं नाही. सयाजी जन्मभर ज्या हसण्याला भीत आला होता, ते हसणं कुठून आलंच नाही. रामा मात्र त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याची नजर सयाजीच्या घराकडे गेली, जोत्याच्या सिमेंटवरून फिरली, वरच्या जाळीवर थांबली. तो सावकाश विचार करणारा माणूस होता.

"म्हणजे वैशाखात तू घर बंद केलंस, ते उंदरांसाठी."

सयाजीने मान डोलावली.

"आणि ते इकडं आले. हे तुला ठावं व्हतं?"

"व्हतं."

"रोज इथं च्या प्यायला येत व्हतास."

"मांजर येतं बोललावता तुम्ही," चंद्राबाई हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि सयाजीला तेच सोसवेना.

रामा उठला आणि हात धुऊन शेताकडे निघून गेला. गोदूबाई कळशी तिथेच टाकून घरात शिरली. सयाजी पिठाचं ताट हातात घेऊन उभा. तेव्हा सलोनी पुढे आली. तिचा चेहरा रडून सुजला होता.

"काका, आता करा ना मग," ती म्हणाली. "माहीत हाय ना तुम्हाला? करा."

त्याने ते विष लांब नेऊन खोल खड्ड्यात पुरलं, हात राखेने घासले, आणि कामाला लागला. आधी झोळी तुळईवरून काढली आणि खोलीच्या मधोमध बांबूच्या घोडीला बांधली. दोरीत पत्र्याची गोल चकती ओवली, म्हणजे वरून कुणी उतरलंच तर तिथून पुढे येऊ नये. मग भिंतींच्या कडेने, शिडीखाली, चुलीमागे पीठ भुरभुरलं. दुसऱ्या दिवशी पिठावर पावलं उमटली होती. पावलांवरून त्याने त्यांची ये-जा शोधली. गोठ्याच्या भिंतीतून आत, तुळईवरून माळ्यावर, आणि माळ्यावर भाताच्या कणगीमागे मुक्काम. चंद्राबाईला त्याने लेंडी काडीने दाबून दाखवली: ओली म्हणजे कालची, भुगा झाला म्हणजे जुनी. जिथे ओली, तिथे शोधायचं. ती लक्ष देऊन ऐकत होती. अशी शिकवायची वेळ श्रावणातच यायला हवी होती, हे दोघांनाही कळत होतं. 

कणगी खाली उतरवायला एकटा माणूस पुरेना. रामा पडवीत पाठ करून बसला होता. सयाजीने हाक मारली नाही. चंद्राबाईनेच नवऱ्याला उठवलं. रामा माळ्यावर आला, कणगीची एक बाजू धरली, आणि दोघा भावांनी ती हळूहळू सरकवली. मागे जुन्या गोधडीच्या चिंध्या, भाताची फोलपटं आणि त्यात उंदरांचं बिऱ्हाड. ते एकदम चारी बाजूंना सुटले. सयाजीने बाहेर जायच्या वाटा आधीच फळ्या लावून अडवल्या होत्या. त्याची काठी उठली आणि पडली, पुन्हा उठली आणि पडली. एकही फटका वाया गेला नाही. म्हातारपणी गुडघे कुरकुरत होते, पण हात मात्र जसा तेव्हा चालायचा तसाच चालला. संपल्यावर त्याने सवयीने शेपट्या धरून सगळे पिशवीत टाकले. वर बघितलं तर रामा त्याच्या हाताकडे बघत होता. त्या क्षणी सयाजीला आपल्या हाताचा अभिमान वाटला, आणि लगेच त्या अभिमानाची लाज वाटली. हाच हात दोन महिने चहाची बशी धरून बसला होता.

पुढे आठवडाभर तो त्या घरात राबला. बिळं बुजवली, जाळ्या ठोकल्या, गोठ्याची भिंत लिंपली. आता कुणी येऊन उभं राहिलं तर तो लपवत नव्हता. वाडीत बातमी एका दिवसात फिरली होती. काही जण त्याला आता नुसतं सयाजी म्हणायला लागले, काही जण सवयीने साहेब अशीच हाक मारत आणि मधेच चाचरत. रामाही रोज हाताशी असायचा, पाटी द्यायचा, सिमेंट कालवायचा. पण कामापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. चहा आला की आपला कप घेऊन बाहेर जायचा.

गोदूबाईने तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापता थापता ती बोलली. "उंदीर मारले त्याचं मला काय नाय. त्यावरच पोरं वाढली आपली. पन मी गावभर सांगत फिरायची, तुम्ही ऐकत व्हता, आणि मला फिरू दिलंत. आणि ते पोर..."  तिने तव्यावरची भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी ती शेणाची पाटी घेऊन रामाच्या घरी जमीन सारवायला गेली. सयाजी तिथेच काम करत होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

बाळाचं बोट भरून आलं. सलोनीला सासरी न्यायला नात्याहून माणसं येणार असं ठरलं, पण राजश्रीबाईंचा राग उतरला नव्हता. माहेरच्या गलिच्छपणाने नातवाला उंदीर चावला, असं त्या चार जणींत बोलत होत्या. सलोनीने खरी हकिगत सासरी सांगितली नव्हती. सयाजीने एकदा तिला विचारलं, का नाय सांगितलंस? ती म्हणाली, "आमच्याच घरातलं माणूस ना तुम्ही. कसं सांगू?"

त्या उत्तराने सयाजीला झोप लागेना. विष काढून घेतलं, बिळं बुजवली, पण त्या पोरीच्या माथ्यावरचा आळ तसाच होता. सकाळी उठून त्याने कुणाला न सांगता पोलादपूरला महाडची एसटी धरली आणि महाडहून नात्याची. तो राजश्रीबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यांनी व्याह्यांकडचा माणूस म्हणून खुर्ची दिली. तो बसला नाही.

उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. आपलं काम काय होतं, आपण घर कसं बंद केलं, तुळईवरचा पट्टा आणि झोळीची दोरी बघूनही कसे गप्प राहिलो, सलोनीने विचारलं तेव्हा काय उत्तर दिलं. रामाच्या घरात घाण नव्हती, सलोनीचं दुर्लक्षही नव्हतं, एवढं तो दोनदा म्हणाला. बोलताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

राजश्रीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लेकराच्या जिवापेक्षा तुम्हाला लाज मोठी वाटली."

"व्हय," सयाजी म्हणाला.

 त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला. तो पाणी प्यायला आणि निघाला. त्या अंगणाच्या कडेपर्यंत आल्या आणि म्हणाल्या की सलोनीशी मी बोलेन. आवाज कोरडाच होता, पण त्या तेवढ्या आल्या.

सलोनी सासरी गेली. कापण्या सुरू झाल्या. एका सकाळी सयाजी आपल्या ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता. रामा अंगणात येऊन उभा राहिला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदाच आपणहून आला होता.

"नात्याला जाऊन आलास," रामा म्हणाला.

"गेलो व्हतो."

"वेहीणबाईंचा फोन आला. चंद्राशी नीट बोलल्या." रामाने खांद्यावरचं फडकं काढून पुन्हा खांद्यावर टाकलं. "माझ्या मनातून गेलं नाय, सयाजी. जाईल का, ते पण मला सांगता येत नाय."

"नको जाऊ दे," सयाजी म्हणाला. "तेवढं मी मागत नाय."

 रामाने आभाळाकडे बघितलं. दुपारनंतर पाऊस येईल असं त्याला वाटत होतं आणि खालच्या खाचरातलं भात अजून उभं होतं. "माणसं कमी हायत आज," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता चालायला लागला.

सयाजीने विळा उचलला आणि त्याच्या मागोमाग बांधावरून उतरला. दुपारपर्यंत दोघे शेजारच्या ओळींत वाकून कापत होते.  चंद्राबाई भाकरी घेऊन आली तेव्हा रामा बांधावर बसला. सयाजी आपली भाकरी घेऊन सवयीने लांब निघाला होता, तो थांबला, आणि थोडं अंतर ठेवून त्याच बांधावर खाली मान घालून जेवायला बसला.